पोरांचा मोबाईल काढून घ्यायच्या आधी आपला खाली ठेवा

परवा पारावर पुन्हा तीच चर्चा. "मोबाईलनं पोरं वाया गेली, अठराच्या आतल्यांना बंदीच घातली पाहिजे." बोलणारे पाच जण, त्यातल्या चौघांच्या हातात मोबाईल आणि एकाचं रील मोठ्या आवाजात चालू. मी गप्प बसलो, पण डोक्यातून गेलं नाही.

माझी भाची इंदापूर तालुक्यात नववीत शिकते. एका रात्री मैत्रिणींच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तिनं एकीला विश्वासानं लिहिलेलं वाक्य स्क्रीनशॉट होऊन सगळ्या वर्गात फिरलंय. आठ दिवस पोरगी पोट दुखतंय म्हणून शाळेत गेली नाही. घरच्यांनी काय केलं? मोबाईल काढून घेतला. जी एक मैत्रीण तिच्या बाजूनं होती, तिच्याशी बोलायचीही वाट बंद! ती मैत्रीण चार किलोमीटरवरच्या वस्तीवर राहते. संध्याकाळी एस.टी. नाही, आणि उसाच्या रानातून अंधारात पोरीला कोण पाठवणार?

कट्टी आपणही घेतली. पण शाळा सुटली की ती शाळेतच राहायची. आता ती रात्री अकराला अंथरुणात येते, आणि चाळीस जण बघत असतात. दुखणं यात आहे. आपण मात्र डोळे खराब होतात, अभ्यास होत नाही, एवढंच बोलतो.

बरं, मोबाईल दिला कुणी? कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच दिला. आता शाळा भरतात, तरी गृहपाठ ग्रुपवर आणि सुट्टीची सूचनाही ग्रुपवर. 'असर'च्या 2024 च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांचा आकडा आहे: 82 टक्के पोरांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे पोरं तिथंच भेटतात. दुसरीकडं भेटायला आपण जागा ठेवलीय कुठं?

बारामतीत सप्टेंबर 2024 अखेर कॉलेजच्या आवारात एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर पोलिसांचं शक्ती अभियान सुरू झालं. त्यातली 'शक्ती नजर' सोशल मीडियावर कोयते, पिस्तुलं मिरवणारी अल्पवयीन पोरं हुडकते. गरजेचंच काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कोयता फोटोत दिसतो. ग्रुपमधून काढलेली पोरगी कुणाच्या नजरेत येणार? ते पोलिसांचं काम नाही, आई-बापाचं आणि वर्गशिक्षकांचं आहे.

बंदीवाल्यांनी दोन गावं बघावीत. 2022 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं 18 वर्षांखालच्या पोरांना मोबाईल बंद केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळं केलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरांचेही आणि बापाचेही. मला दुसरं गाव पटतं. पोराचा फोन कपाटात आणि बाप सोफ्यावर रील बघतोय, याला शिस्त म्हणत नाहीत राव.

कुणी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतं. तिथं डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, खरं आहे. पण दंड कंपन्यांना आहे, पोरांना किंवा आई-बापांना नाही, हे पारावर कुणी सांगत नाही.

येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. शाळेचं मैदान संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवा, आणि आठवड्यातले निदान दोन दिवस ते फक्त मुलींसाठी. शाळा सुटल्यावर वस्त्यांकडं जाणारी आणखी एक एस.टी. मागायचा ठराव करा. आणि सात ते साडेआठ आपल्याही गावात भोंगा वाजू द्या, सरपंचांच्या घरापासून सुरुवात करून.

तोवर कुणाचं पोर असं गप्प गप्प झालं असेल तर आधी शेजारी बसून विचारा, मोबाईलचं नंतर बघा. बोलायला घरात कुणी नसेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी 14416. दोन्ही फुकट आहेत आणि 14416 वर मराठीत बोलता येतं.

भाचीला परवा ग्रुपमध्ये परत घेतलंय. का काढलं होतं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.