बैल निघण्यापूर्वीच लस हवी

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगामाचे वेध लागले, की बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड टोळ्या येऊ लागतात. ट्रॅक्टर वाढल्याने बैलगाड्या कमी झाल्या असल्या, तरी त्या संपलेल्या नाहीत. कारखान्याच्या अड्ड्यावर गावोगावचे बैल दाटीवाटीने बांधले जातात. लांबचा प्रवास, बदललेला चारा आणि लगेच उसाचे ओझे; घटसर्पाला याहून सोयीची परिस्थिती कोणती?

पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगात जनावराला तीव्र ताप येतो, गळा सुजतो, श्वास घुरघुरतो आणि अनेकदा एक-दोन दिवसांतच ते दगावते. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या घशातही हा जिवाणू दडून राहू शकतो. थकव्याने प्रतिकारशक्ती खालावली, की तो उचल खातो. अमेरिकेत मांसासाठी पोसायची वासरे निरनिराळ्या गोठ्यांतून एका मोठ्या तळावर आणतात, तेव्हा याच कुळातील जिवाणू त्यांच्या फुफ्फुसांवर हल्ला करतात. म्हणूनच वासरे हलवण्याच्या काही आठवडे आधी लस टोचावी, असे तेथील पशुवैद्य सांगत आले आहेत. आपल्याकडे तसे तळ नाहीत. पण अड्ड्याची रचना वेगळी ती काय?

आपले लसीकरण मात्र पावसाचे वेळापत्रक पाळते. घटसर्पाची लस प्रामुख्याने मे-जूनमध्ये दिली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तुरटीयुक्त लसीचा प्रभाव साधारण चार ते सहा महिने टिकतो. म्हणजे टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात, नेमकी तेव्हाच ही ढाल पातळ होते. अड्ड्यावर पोचल्यावर टोचणे हा उपाय अपुराच, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

2022 मध्ये लम्पी चर्मरोगाने राज्यातील जनावरांचे बाजार बंद पाडले, तेव्हा जनावरांची ने-आण किती महाग पडू शकते, हे सर्वांनी पाहिले. टोळ्यांचे करार हंगामापूर्वीच होतात. कोणत्या गावचे बैल येणार, याचा अंदाज कारखान्याला आणि मुकादमाला असतो. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक करारातच नोंदवून सप्टेंबरमध्ये गावातच लस देणे अवघड नाही. अडचण आहे ती जबाबदारीची: बैल एका जिल्ह्याचे, अड्डा दुसऱ्या जिल्ह्यात. आणि बैल मेला, तर उचल मात्र मजुराच्याच नावावर राहते.