चाकांवर राहायचंय? आधी नाक्यावर एक रात्र काढा

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतो, काम सगळं लॅपटॉपवर. म्हणाला, "दादा, फ्लॅट सोडतोय. जुनी ट्रॅव्हलर घेतोय. आत बेड, शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर. बायकोही तयार आहे. तुमच्या मानकोलीत कोणी फॅब्रिकेशनवाला असेल तर बघा ना."

बघून दिला. गाळ्यावर मापं घेणं चाललं होतं. शेजारी एक ट्रेलरचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्यानं विचारलं काय बनतंय, आम्ही सांगितलं. तो हसला. "घर छोड़के गाड़ी में? भैया, हमसे बदल लो."

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

त्या पोराला मी वेडा म्हणणार नाही. दर अकरा महिन्यांनी नवा करार, वाढलेलं भाडं, दलाली, डिपॉझिट, वर सोसायटीचे नियम. मोठागावचा पूल झाल्यापासून आपल्याकडेही टॉवरचे बोर्ड लागलेत. त्यावरची किंमत वाचली की माणूस मान खाली घालून पुढे जातो. पगारातला मोठा वाटा चार भिंतींवर जात असेल, तर विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घ्यावंसं वाटणारच.

पण मित्रांनो, मोबाईलवरच्या व्हिडिओत व्हॅन कायम नदीकाठी उभी असते. रोज रात्री ती नक्की कुठे लावायची, हे कोणी दाखवत नाही. पाणी कुठे भरायचं? संडासचं काय? आधारवर, बँकेत पत्ता कुठला? आमच्या पोरानं भावाच्या घरचा पत्ता लावलाय. म्हणजे घर सोडायलासुद्धा मागे कोणाचं तरी घर लागतं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनानं बदल करता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही हेच बजावलं. त्यामुळे गाळेवाल्याकडे जायच्या आधी आरटीओत जा, हे मी त्याला सांगितलंय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन धोरण आणलं, पण ते पर्यटनासाठी. पर्यटक दोन रात्री राहून घरी जातो. गाडी हेच ज्याचं घर, त्याच्यासाठी ते नाही.

आणि अशी माणसं आपल्या नाक्यावर आज नाही, कित्येक वर्षं राहतायत.

वळ, दापोडा, पूर्णा, राहनाळ, काल्हेर... मुंबईकराच्या दारात जे पार्सल येतं, त्यातलं कितीतरी आपल्या गोडाऊनमधून निघतं. ते आणणारा ड्रायव्हर नंबर लागेपर्यंत रस्त्याकडेला थांबतो. पुढे ठाण्याकडे अवजड गाड्यांना ठरावीक वेळी नो एंट्री. एक रात्र, दोन रात्री, कधी तीन. केबिनमध्येच झोपायचं, गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवायचा, पंक्चरवाल्याच्या पाइपखाली आंघोळ, आणि बाकीचं खाडीकडच्या झुडपात. आपण नाक मुरडतो, घाण करतात म्हणतो. अंधारात लाइट न लावता उभ्या केलेल्या ट्रेलरवर आपली पोरं बाइकसकट आदळतात, तो राग तर अगदी खरा आहे. पण त्यानं गाडी लावायची कुठे, हे आपण कधी विचारलं?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलं होतं की ज्या ठिकाणी कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो, तिथे मालकानं विश्रांतीची खोली द्यायची. पण कायदा लागू पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना. एक-दोन गाड्यांचे मालक सुटले. आणि मोठ्यांनी तरी किती खोल्या बांधल्या, ते नाक्यावर जाऊन मोजा. आता नव्या कामगार संहिता आल्यात, नाका आहे तसाच आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, चांगली गोष्ट. पण उभ्या गाडीत रात्रभर एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवायला लागतं. ते डिझेल कोण भरणार?

माझं म्हणणं साधं आहे. शंभर गाड्या दारात बोलावणाऱ्या गोडाऊनला परवानगी देताना त्या गाड्यांना उभं राहायला जागा, ड्रायव्हरला संडास, न्हाणीघर आणि पिण्याचं पाणी, ही अट घाला आणि ती तपासा. आपल्या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. रस्ते, पूल झाले, तसं या पट्ट्यात एक नीट ट्रक टर्मिनलही करा. समृद्धी आमण्यापर्यंत येऊन पोचलाय, गाड्या वाढणार आहेत, कमी नाही होणार. ग्रामपंचायतींनीही हे लावून धरावं, गोडाऊनचा कर घेताना आपण मागे नसतो. आणि अशी जागा झाली, तर माझ्या ओळखीतल्या पोराचीही व्हॅन पैसे भरून तिथे रात्रीची उभी राहील. हौसेनं राहणारा आणि नाइलाजानं राहणारा, दोघांना लागतं तेच. फक्त एकाचे व्हिडिओ बनतात आणि दुसऱ्याला हटकलं जातं.

त्या पोराला म्हटलं, गाडीला हात लावायच्या आधी एक रात्र नाक्यावर काढ, मीपण येतो. शनिवारी येतोय तो.

तुमच्यात कोणाचं गोडाऊन किंवा ट्रान्सपोर्ट असेल, तर एवढंच सांगा: तुमच्या गेटवर बाहेरच्या ड्रायव्हरसाठी संडास आहे का? असेल तर फोटो पाठवा, नावानिशी कौतुक करीन. नसेल तर कधी करताय, ते कळवा.