आकडा वाटाड्या आहे, निकाल नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या एका शेतकरी घरी तिसाव्या आठवड्यातच बाळंतपण झाले. बाळाचे वजन १ किलो १०० ग्रॅम. चौथ्या दिवशी हृदयावर ताण येतो आहे की काय हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी थोडे रक्त मागितले. आजी आडवी आली. "ओंजळभर जीव, त्याचे आणखी रक्त काढता?" घरच्यांनी दोन दिवस नकार दिला. मग बाळाला धाप लागली आणि रात्रीच्या रात्री त्याला शहरात हलवावे लागले. बाळ वाचले. पण ते दोन दिवस आठवले की त्या घरात अजूनही कोणी बोलत नाही.

आजीला दोष देणे सोपे आहे. पण तिची भीती अगदीच खोटी नव्हती. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते ते सुमारे ८० ते ९० मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर. त्यातला थेंबही विचार करूनच घ्यावा. म्हणून ही तपासणी कशासाठी, आणि तिच्यावर किती विसंबावे, हे आपण घरातल्या सर्वांनी आधीच समजून घेतलेले बरे.

आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसे काम करीत नाहीत. प्राणवायू नाळेतून मिळतो. म्हणून फुफ्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड नळीतून परस्पर शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीत वळवलेले असते. डॉक्टर तिला डक्टस आर्टिरिओसस म्हणतात. दिवस भरलेल्या बाळात ही नळी जन्मानंतर बहुधा तीन दिवसांत मिटते. दिवस न भरलेल्या, विशेषतः २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळात ती पुष्कळदा उघडीच राहते.

पाटाचे दार नीट लागले नाही तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. एक वाफा तुंबतो आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. जन्मानंतर उघडी राहिलेली नळी तेच करते. शरीराकडे जाणारे रक्त उलटे फुफ्फुसांकडे वळते. फुफ्फुसे ओथंबतात, आतडी व मूत्रपिंडे यांना रक्त कमी पडते, आणि हृदय जास्त राबून ताणले जाते.

हृदय असे ताणले गेले की त्याच्या स्नायूतून एक द्रव्य रक्तात उतरते. त्याचे नाव बी. एन. पी. १९८८ साली जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला. ते मुख्यतः हृदयातून येते हे मागाहून कळले. त्याचाच जोडीदार एन. टी. प्रो-बी. एन. पी. या दोहोंपैकी एकाचे प्रमाण थोड्याशा रक्तातून मोजता येते.

नळी प्रत्यक्ष दिसते ती इको यंत्रावर. पण ते यंत्र आणि एवढ्याशा हृदयावर ते चालवणारा जाणता हात प्रत्येक तालुक्याला नाही. जिथे इको लगेच होत नाही तिथे रक्ताची ही तपासणी फार उपयोगी आहे, असे आमचे मत आहे. कोणत्या बाळाला आजच पुढे पाठवावे आणि कोणाकडे येथेच लक्ष ठेवावे, हे ठरवायला तिची मदत होते.

मात्र तिला निकाल समजू नये. जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत हा आकडा निरोगी बाळातही चढलेला असतो. रक्तात जंतुदोष झाला, फुफ्फुसातील दाब वाढला किंवा मूत्रपिंडे अशक्त असली तरीही तो वाढतो. बी. एन. पी.चा आकडा एन. टी. प्रो-बी. एन. पी.च्या आकड्याशी ताडता येत नाही. प्रयोगशाळेगणिकही फरक पडतो. शेजारच्या बाळाचा कागद आपल्या कागदाशेजारी धरून रडू नये, तसेच निर्धास्तही होऊ नये.

आणखी एक गोष्ट. नळी उघडी दिसली की औषध द्यायचेच, असा पूर्वी पुष्कळ ठिकाणी रिवाज होता. आता तो बदलतो आहे. इंग्लंडमध्ये ६५३ फार लहान बाळांचा अभ्यास होऊन २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांची नळी मोठी उघडी असल्याचे इकोवर दिसले होते. लवकर आयबुप्रोफेन दिल्याने मृत्यू किंवा फुफ्फुसाचा दीर्घ आजार कमी झाला नाही, असे त्यात आढळले. म्हणजे काही बाळांना औषध लागते, क्वचित शस्त्रक्रियाही. पण पुष्कळांची नळी नीट देखरेखीत आपोआप मिटते. हे औषध मूत्रपिंडांना व आतड्यांना त्रास देऊ शकते. दुकानात मिळते म्हणून घरी ते बाळाला कदापि देऊ नये.

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. जिल्हा रुग्णालयांतील नवजात कक्षात ही तपासणी हवी. पण तिच्या मागे इकोची सोय आणि बाळाला ऊब देत नेणारी गाडीही हवी. आकडा हाती आला आणि पुढची वाट नसली, तर बाळाचे रक्त फुकट गेले. उलट, दिवस भरलेल्या, अंगावर नीट पिणाऱ्या ठणठणीत बाळाची ही तपासणी कोणी उगाच सुचवली, तर कारण विचारण्यास संकोच करू नये.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे रक्त मागितले तर नकार न देता तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टर, या तपासणीवरून पुढे काय ठरणार आहे? दुसऱ्या तपासण्यांचे रक्त याच वेळी, एकाच टोचण्यात घेता येईल काय? आकडा वाढलेला निघाला तर इको कोठे व केव्हा होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

खर्चाच्या भीतीने बाळ घरी नेऊ नये. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या व ने-आण मोफत मिळावयास हवी. पुढे ही सवलत एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही लागू झाली. बाहेरून तपासणी करून आणण्याची चिठ्ठी हाती पडली, तर आधी तेथेच या योजनेविषयी विचारावे.

आणि ज्या घरी सून किंवा लेक गरोदर आहे, तेथे हा मजकूर आजीला वाचून दाखवावा. ऐनवेळी घरात तिचाच शब्द चालतो.