पलंगाकडे बघतंय कोण?

दिवाळी अंकात असल्या विषयावर लिहू नये, असे मला घरातूनच बजावण्यात आले आहे. चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी अंक उघडा पडायचा, आणि त्यात शयनगृहातल्या पलंगाची चर्चा! सवाल रास्त आहे. पण ज्या घरांत गेली शंभर वर्षे 'एकच प्याला'तली पदे फराळाच्या ताटांभोवती आळवली गेली, त्या घरांना दारूच्या पेल्याचे आणि पलंगाचे वावडे असण्याचे कारण नाही. वाचकहो, पोरेबाळे किल्ला करायला अंगणात गेली असतील, तर पाच मिनिटे माझ्याजवळ बसा.

माझी एक भाची संगणकावर वस्तू घडवते. सुतार लाकडात घडवतो, कुंभार मातीत, ही पोर नुसत्या आकड्यांत घडवते. लहान लहान पैलू एकमेकांना जोडून वस्तूचे कवच तयार करायचे, त्यावर लाकडाचा, कापडाचा, काचेचा पोत चढवायचा, आणि मग त्यावर प्रकाश कसा पडेल याचे गणित यंत्राकडून करवून चित्र काढायचे. या शेवटच्या क्रियेला ते लोक 'रेंडर' म्हणतात. वस्तूंना 'प्रॉप' म्हणतात. आपले नाटकवाले त्यालाच 'प्रॉपर्टी' म्हणत आले. एकाने वस्तू करायची, बाजारात ठेवायची, दुसऱ्याने ती विकत घेऊन आपल्या चित्रात मांडायची, असा हा धंदा. त्यात एक कप्पा 'प्रौढांसाठी' असा असतो. पलंग, मद्याच्या सुरया, हुक्का, रक्षापात्र, आणि ज्यांची नावे इथे घ्यायला नकोत अशाही काही चिजा.

गेल्या पावसाळ्यात तिने एका गिऱ्हाइकासाठी शयनगृहाचे सामान केले. तीन आठवडे राबली. गिऱ्हाइकाने निम्मे पैसे कापले आणि वर ऐकवले, "इतका जीव कशाला पाखडलात? पलंगाकडे बघतंय कोण?"

हे वाक्य मला झोंबले. या एका वाक्यात कारागिराचा अपमान आहे, बघणाऱ्याचा आहे, आणि जिच्यासाठी म्हणून पलंगाकडे बघायचे नाही, त्या चित्रातल्या बाईचाही आहे.

पलंगाकडे कोणी बघत नाही हे खरे. पण डोळा न बघताही हिशेब ठेवतो. संगणकातल्या माणसाला वजन नसते. त्याला गादीवर निजवले की तो गादीच्या वर बोटभर तरंगतो, नाहीतर गादीत घुसतो; गादी दबत नाही. चांगला पलंग करणारा ही गोष्ट आधीच ओळखतो. गादीला दबण्याची सोय ठेवतो. निजल्यावर कमरेपाशी खोल, खांद्यापाशी उथळ, कडेवर कोणी बसले तर तिथेच घसरती. उशी वेगळी, चादर वेगळी, अभ्रा वेगळा, म्हणजे मांडणाऱ्याला एकेक वस्तू हलवता येते. एवढे केले नाही तर चित्रातली दोन माणसे एकमेकांच्या कितीही निकट असोत, ती दुकानातल्या काचेमागची पुतळी दिसतात. प्रौढपण कशात असते? कपडे उतरवण्यात? छे! देहाला भार असतो, त्या भाराने खालची वस्तू दबते, कुरकुरते आणि वर्षानुवर्षे झिजते, हे माहीत असण्यात.

मापाचे तेच. बाजारातले कितीतरी सामान नुसते अंदाजपंचे केलेले असते. पलंग साडेसहा फुटी माणसाला पुरेल की नाही, पेला मुठीत मावेल की नाही, याचा विचारच नाही. खऱ्या मापाने केलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या खऱ्या मापाच्या खोलीत नेऊन ठेवली तरी बसते. अंदाजाने केलेली प्रत्येक वेळी ओढूनताणून बसवावी लागते. आणि कडा! खऱ्या जगात सुरीच्या पात्याचीसुद्धा धार थोडी गोल असते, मग मेजाच्या कोपऱ्याची काय कथा? त्या गोलाईवर प्रकाशाची एक बारीक रेघ उमटते. ती रेघ नसली की लाकूड लाकूड वाटत नाही, कागदी खोके वाटते. भाचीचे गिऱ्हाईक म्हणाले असते, रेघेकडे बघतंय कोण!

आता पेला घ्या. गडकऱ्यांचे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मराठी रंगभूमीवरचे याहून प्रौढ 'सामान' मला तरी आठवत नाही: नाटकाचे नावच एका पेल्याचे. संगणकात तो पेला भरायचा तर गंमत बघा. काच आणि मद्य ही दोन वेगळी कवचे. दोहोंत केसाइतकी फट राहिली तर यंत्राला तिथे हवा दिसते, आणि पेल्यात दारूऐवजी चंदेरी कडेची गोळी अडकल्यासारखी दिसते. दोन्ही पृष्ठे तंतोतंत एकावर एक आली तर यंत्र गोंधळते, डाग पडतात. म्हणून जाणता कारागीर द्रवाचे कवच काचेच्या आत किंचित घुसवतो. काचेत प्रकाश किती वाकतो याचा आकडा सुमारे १.५, पाण्याचा १.३३, हे आकडे चुकले तर सुधाकराच्या पेल्यात प्लास्टिक भरले जाईल. प्रेक्षकाला यातले काही कळत नाही. त्याला फक्त पेल्याची भीती वाटते किंवा वाटत नाही.

आणखी एक इतिहास सांगतो, कारण 'बघतंय कोण'वाल्यांना तो ठाऊक नसतो. या विद्येच्या बालपणी दोन चित्रे जगभर फिरली. १९७३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात काही संशोधकांना चाचणीसाठी चित्र हवे होते. 'प्लेबॉय' मासिकाचा नोव्हेंबर १९७२ चा अंक हाती लागला. त्यातल्या नग्न छायाचित्राचा वरचा भाग, खांद्यापर्यंतचा, त्यांनी यंत्रात उतरवला. 'लेना' नावाने तो पुढे पाठ्यपुस्तकांत, प्रबंधांत सर्वत्र आला. त्या बाईला कोणी विचारले नव्हते. पुढे २०१९ मधल्या एका माहितीपटातून तिनेच आता आपल्याला यातून निवृत्त करावे असे सुचवले, आणि अखेर १ एप्रिल २०२४ पासून अमेरिकेतल्या संगणक-अभियंत्यांच्या मोठ्या संस्थेने आपल्या नियतकालिकांत ते चित्र घेणे बंद केले.

दुसरे चित्र चहाच्या किटलीचे. १९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांना घडवायला काही सोपी पण सुरेख वस्तू हवी होती. पत्नीने सुचवले, आपल्या चहाची किटलीच घे की! त्यांनी ती आलेख-कागदावर उतरवली. तिला बाक आहे, पोकळी आहे, कान आहे, तोटी आहे. तिची सावली तिच्याच अंगावर पडते. मूळ नमुन्याला बूडसुद्धा नव्हते, ते मागून जोडले गेले. तरीही ती आजतागायत वापरात आहे, आणि खरी किटली कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात मानाने ठेवलेली आहे. बाईचे चित्र लाजेने काढून घ्यावे लागले, किटली राहिली. आता सांगा, वस्तूकडे बघतंय कोण?

आमच्या सोवळ्या मंडळींनाही दोन शब्द. त्यांचे म्हणणे, मुळात असले सामान करूच नये. आणि केलेच तर ते चांगले कशाला करायचे? हा न्याय मला समजत नाही. वाईट केल्याने ते सात्त्विक होते काय? उलट धोका तिथेच आहे. बेफिकीर कारागीर पाळण्याच्या आणि खेळण्यांच्या गठ्ठ्यातच नको ती वस्तू टाकून मोकळा होतो, वर नाव भलतेच देतो. चांगल्या घडणीत वेष्टनही येते: नाव खरे, कप्पा वेगळा, आणि वरच्या छोट्या चित्रात विकायची वस्तू, तिच्याशेजारी उघडी बाई नव्हे. माझी भाची हे काटेकोर पाळते. आजवर कोणत्याही धर्मरक्षकाने तिला त्याबद्दल शाबासकी दिलेली नाही.

आणि या बाजाराच्या रसिकतेबद्दल काय बोलावे! शृंगार म्हटला की बदामी आकाराची लाल उशी, लाल साटीन, दोन मेणबत्त्या. जिकडेतिकडे तेच. अहो, ज्या देशात नाट्यशास्त्राने वासकसज्जा नायिका सांगितली, तिथले आपण! पहाडी चितारी तिची शेज रंगवत. प्रियकर अजून आलेला नाही, आणि सगळा शृंगार त्या अंथरलेल्या रिकाम्या शेजेवर. त्या शेजेला प्रौढ विषयाची वस्तू म्हणायचे नाही तर कशाला?

हे सगळे मी तावातावाने भाचीला ऐकवले. ती हसली. म्हणाली, "मामा, भाषण पुरे. आजीचा पानाचा डबा तुमच्याकडे आहे ना? त्याची मापे घेऊन पाठवाल?" पुढचे काम तिला एका तमाशाच्या कनातीतल्या बैठकीचे मिळाले आहे. विडा, अडकित्ता, पिकदाणी, तक्क्या. तक्क्याला मधोमध डोक्याच्या तेलाचा डाग हवा, हे तिने आपण होऊनच ठरवले होते.

मी काल पट्टी घेऊन बसलो. डबा साडेआठ इंच लांब, सव्वापाच रुंद. पितळ बाहेरून काळवंडले आहे, पण जिथे आईचा अंगठा टेकत असे तिथे अजून लखलखीत. बिजागरी डावीकडे सैल आहे. झाकण उघडले की आधी एका बाजूला कलते, मग उठते. चुन्याच्या कप्प्याचे झाकण नीट बसत नाही. ते मी ठोकून सरळ करणार होतो. भाचीने फोनवर ओरडून थांबवले.