ज्याचा चष्मा त्याच्या हातीं

आपल्या भाषेनें चष्म्यास ‘चाळिशी’ हें नांव दिलें, तें यथार्थ आहे. डोळ्यांतील नैसर्गिक भिंग लहानपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना चपटें होतें. चाळिशीच्या सुमारास ही लवचिकता इतकी कमी होते कीं, वर्तमानपत्र हातभर दूर धरावें लागतें. डोळ्यानें जें सोडलें तें चष्म्यानें करावें, या कल्पनेंतून नंबर बदलतां येणारा चष्मा निघाला.

ऑक्सफर्ड येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जोशुआ सिल्व्हर यांनीं १९८५ च्या सुमारास या कामास आरंभ केला. त्यांच्या चष्म्यांत दोन पातळ पारदर्शक पडद्यांमध्यें सिलिकोन तेल असतें. काडीस जोडलेल्या लहानशा पिचकारीनें तेल आंत लोटलें म्हणजे भिंग फुगून किरणांस एकवटतें. तेल ओढून घेतलें म्हणजे तें खोलगट होऊन किरणांस फांकवितें. अशा रीतीनें उणे ६ पासून अधिक ६ पर्यंत नंबर मिळतो. एकेक डोळा जुळवून झाला कीं झडप बंद करून पिचकारी काढून टाकावयाची. अमेरिकन शास्त्रज्ञ लुई आल्व्हारेझ यांच्या १९६७ च्या पेटंटांतील युक्ति निराळी आहे. तींत लाटेसारख्या पृष्ठभागाचीं दोन भिंगें एकमेकांवरून सरकवितात व तेवढ्यानें नंबर बदलतो.

जेथें नेत्रवैद्य दुर्मिळ, तेथें ही युक्ति मोठी उपकारक होय. तुटलेला धागा सांधणाऱ्या लालबाग-परळच्या गिरणी कामगाराची भाकरी त्याच्या नजरेवरच अवलंबून असे, हें येथील कोणासहि सांगावयास नको.

तथापि शाळकरी मुलांनीं आपला नंबर आपणच ठरवावा, हें आम्हांस मान्य नाहीं. मुलाचें भिंग बलवान असल्यामुळें तें नकळत गरजेहून अधिक उणा नंबर लावून घेतें व तरीहि ‘स्पष्ट दिसतें’ म्हणतें. शिवाय बुबुळाची वक्रता सर्व बाजूंनीं सारखी नसेल, तर तेलाचें गोल भिंग तो दोष सुधारीत नाहीं. आणि कांचबिंदूसारखा मुका चोर तर कोणत्याहि चष्म्यास दिसत नाहीं. तो पाहण्यास शिकलेला डोळाच हवा. भायखळ्यास जे. जे. व परळास के. ई. एम. रुग्णालय असतां मुंबईकरांनीं या कामीं हयगय करावी, यास सबब नाहीं.

पालकहो, फळ्यावरील अक्षर न दिसणारें मूल तसें सांगत नाहीं. सर्वांस असेंच दिसतें, अशी त्याची समजूत असते. मग तें शेजाऱ्याच्या वहींतून उतरवितें व आळशी ठरतें. मुलीस चष्मा लागला तर लग्न कसें जमेल, या भीतीनें तिची दृष्टि अंधुकच ठेवणें हा तर उघड अन्याय होय. वर्षांतून एकदां मुलांचे डोळे तपासून घ्या. आणि विद्यार्थ्यांनो, मागच्या बाकावरून फळा दिसत नसेल, तर निःसंकोच हात वर करा.