रॉक मशीन : सनावळीत न मावणारा इतिहास

१/५
अमरावती-अकोल्याच्या इतिहासप्रेमी मित्रहो, रॉकचा इतिहास केवळ सिॲटलमध्ये घडला नाही. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला.

२/५
इतर बँड पाश्चात्त्य गाणीच वाजवत असताना १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा अल्बम काढला. १९९३ मध्ये बँडचे नाव ‘इंडस क्रीड’ झाले. १९९७ मध्ये फाटाफूट, २०१० मध्ये पुनर्मीलन, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’.

३/५
पण ही सनावळी अपुरी आहे. त्यांचा श्रोता घडला तो महाविद्यालयीन महोत्सवांत, खुल्या रंगमंचांसमोर. धोबी तलावचे ‘रंगभवन’ हे मुंबईच्या रॉकचे माहेरघर. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील रॉक मैफली थांबल्या आणि एका पिढीच्या आठवणी निराधार झाल्या.

४/५
वऱ्हाडाला हे सहज उमगावे. तुकडोजी महाराजांची भजने पुस्तकांत आहेत. खंजिरीच्या ठेक्यावर डोलणारा समुदाय मात्र पानांत सापडत नाही.

५/५
म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तिकीट, भित्तिपत्रक, घरगुती ध्वनिफीत हीदेखील अस्सल इतिहाससाधने होत. आपल्या गावच्या ऑर्केस्ट्राची, बँडची, भजनी मंडळाची अशी साधने रद्दीत जाण्यापूर्वी जपा. गाणे गायकाचे असले, तरी मैफलीचा अर्धा इतिहास श्रोत्यांचा असतो.