पंखा कुठे लावायचा, ते आम्ही ठरवू

‘मुलीला कॉम्प्युटर हवाय? अभ्यासाला ना? मग साधा लॅपटॉप पुरे.’ आपल्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच दमात येतं. त्याच घरातल्या मुलाने दहावीनंतर गेमिंगचा कॉम्प्युटर मागितला, की मात्र चर्चा सुरू होते. कुठला घ्यायचा, कुठे ठेवायचा, हप्ते पाडायचे का. काकांच्या ओळखीचा दुकानदार निघतो. हट्ट धरणाऱ्या मुलाबद्दल ‘त्याला टेक्निकलची आवड आहे’ असं कौतुकाने सांगितलं जातं. मुलीने तीच मागणी केली तर ऐकावं लागतं, ‘म्हणजे खेळत बसायचंय का तुला?’

हो, खेळत बसायचंय. यात लाजण्यासारखं काय आहे?

आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणी इथे नाक मुरडतील, हे मला माहीत आहे. पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, हिंसाचाराच्या केसेस रोज दारात येताहेत, आणि ही काय चैन! शिवाय या खेळांत बाई कशी दाखवतात, ते आपण पाहिलेलं नाही का? पाहिलं आहे. पण हिंदी सिनेमात बाई कशी दाखवतात तेही आपण पाहिलं, त्यावर लिहिलं, मोर्चे काढले, आणि तरी सिनेमा पाहणं सोडलं नाही. खेळ कसा आहे यावर भांडायचं, तर आधी तो खेळता यायला हवा. आणि फुरसत, स्वतःचा कोपरा, स्वतःवर खर्च केलेले पैसे या गोष्टी मुलाला न मागता मिळतात आणि मुलीला मागूनही मिळत नाहीत, हा प्रश्न राजकीय नाही तर कुठला आहे?

माझा मुद्दा मात्र खेळाच्या पुढचा आहे. घरी जोडलेला कॉम्प्युटर म्हणजे नुसती वस्तू नाही, ती निर्णयांची साखळी आहे. कुठला प्रोसेसर, कुठलं ग्राफिक्स कार्ड, किती वॉटचा एसएमपीएस, पंखे किती आणि कुठल्या दिशेने. हे निर्णय जो घेतो त्याला यंत्र कळतं. ज्याला यंत्र कळतं त्याला घरात, कॉलेजात, ऑफिसात विचारलं जातं. बाई वापरणारी आणि पुरुष जाणणारा, ही वाटणी इथूनच पक्की होत जाते.

भाचीबरोबर मी लॅमिंग्टन रोडला गेले होते. खोकी उचलायला शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा सोबत होता. प्रश्न भाची विचारत होती आणि दुकानदार उत्तरं त्या मुलाला देत होता! त्या बिचाऱ्याला एसएमपीएस म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, तो आपला मान डोलवत होता. ‘मॅडमसाठी’ एक कॅबिनेट पुढे आलं. समोर अखंड काच, आत रंगीत दिव्यांचे चार पंखे. भाचीने विचारलं, ‘समोर काच आहे, तर हवा आत कुठून येणार?’ दुकानदार त्या मुलाकडे बघून म्हणाला, ‘सगळे हेच नेतात.’ प्रश्न बिनतोड होता, म्हणून तर उत्तर मिळालं नाही.

आता हे ज्ञान खरोखर किती कठीण आहे ते पाहू. गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये सर्वांत जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर जायला हवेत, कारण पडद्यावरचं चित्र तेच तयार करतं. दुकानात मात्र बऱ्याचदा उलटं होतं. प्रोसेसरच्या मोठ्या नावावर पैसे घालवायला लावतात आणि कार्डाला चिमटा काढतात. मध्यम बजेटमधलं एक उदाहरण घेऊ. रायझन ५ ५६०० हा २०२२ सालचा प्रोसेसर ६५ वॉटचा आहे. आरटीएक्स ३०६० हे २०२१ सालचं कार्ड १७० वॉटपर्यंत वीज घेतं. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. दुकानदाराने हे न सांगता नुसता प्रोसेसर गळ्यात मारला तर पुन्हा खेप आलीच. १६ जीबी रॅम घ्यायची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन्ही मिळून माहितीची ने-आण जलद होते, एकाच पट्टीत तो वेग मिळत नाही. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, ५५० वॉटचा. पैसे वाचवायला पहिली कात्री इथेच लागते, आणि तो जळाला तर इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो. घरातल्या पॉइंटला अर्थिंग आहे का, तेही तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते.

झालं. याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

आणि थंड ठेवण्याचं म्हणाल, तर त्यात आपल्या बायकांना कोणी काय शिकवावं! आयुष्य चुलीपुढे आणि गॅसपुढे गेलं आहे आपलं. दारं-खिडक्या गच्च बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला तर धूर बाहेर जात नाही, हे कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. बाहेर टाकायला हवा, तर आत यायलाही हवा लागते. कॅबिनेटचंही तेच आहे. समोर जाळी हवी, तिथून दोन पंखे हवा आत घेतील, मागचा एक पंखा गरम हवा बाहेर टाकेल. गरम हवा वर चढते म्हणून वरचा पंखाही बाहेर टाकणारा. दिशा ओळखायची खूण सोपी आहे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्यांची चौकट दिसते, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

पंखा हवा थंड करत नाही, उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो, एवढंच. हे लक्षात आलं की दुकानातली अर्धी जादू उतरते. वरच्या उदाहरणातला प्रोसेसर आणि कार्ड मिळून सव्वादोनशेहून जास्त वॉट खातात, म्हणजे छताच्या तीन जुन्या पंख्यांइतकी वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ६५ अंशांवर चालतो, तो मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ८० च्या आसपास जाणार. नव्वदीच्या घरात गेला की तो जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. ‘पाण्याने थंड करणारा कूलर घ्या,’ असं मग सांगतात. पण ते पाणीसुद्धा उष्णता त्याच खोलीतल्या हवेला देतं, खोलीपेक्षा थंड ते होऊ शकत नाही. वर पंप बिघडण्याची धास्ती. या प्रोसेसरसोबत कंपनीचा कूलर मिळतोच. तो अपुरा पडला तर एका पंख्याचा साधा उभा टॉवर कूलर पुष्कळ झाला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये मटाराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट घालायची. जास्त घातली म्हणून जास्त थंड होत नाही.

आणि कृपा करून त्यावर विणलेली झालर घालू नका! कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात तो कोंबू नका. आपल्या घरांत यंत्राला देव्हाऱ्यासारखं सजवायचं आणि गुदमरवायचं, ही जुनी खोड आहे. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावं. दर दोन महिन्यांनी धूळ काढावी. ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती वेडीवाकडी फिरून खराब होतात.

‘हे काम पुरुषांचं’ असं म्हणणाऱ्यांना १९४६ सालातली एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात एनिअ‍ॅक नावाचा कॉम्प्युटर जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो जवळपास १५० किलोवॉट वीज खायचा. एवढी उष्णता हटवायला मोठाली यंत्रणा लागायची. त्याच्याकडून गणित करवून घेण्याची जुळणी सहा बायकांनी केली होती. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास, रूथ लिक्टरमन. यंत्राचे नकाशे वाचून त्यांनी ते समजून घेतलं. पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लाइमन या अभ्यासक तरुणीने जुन्या फोटोंतल्या या बायका कोण, असं विचारलं, तेव्हा तिला उत्तर मिळालं, त्या ‘रेफ्रिजरेटर लेडीज’, म्हणजे फ्रिजच्या जाहिरातीत उभ्या करतात तशा शोभेच्या मॉडेल्स! ज्यांनी यंत्र चालवलं, त्यांनाच इतिहासाने यंत्रापुढची सजावट ठरवलं.

आणि दुसऱ्या टोकाला? आपण दोन पट्ट्या रॅम घेतो, त्या कोणाच्या हातून येतात? दक्षिण कोरियात सॅमसंगच्या चिप कारखान्यात काम करणारी ह्वांग यु-मी २००७ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. वय होतं २२. तिच्या टॅक्सीचालक वडिलांनी आणि इतर कामगारांच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा २०१८ साली कंपनीने जाहीर माफी मागितली. म्हणजे बनवायला बाईचे हात चालतात, जीवही चालतो. उघडायला आणि समजून घ्यायला मात्र बाई चालत नाही!

म्हणून संघटनांच्या मैत्रिणींना माझं म्हणणं आहे, की शिवण आणि पापडाच्या वर्गांवर आता थांबू नका. आपल्या कार्यालयातला बंद पडलेला जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पडून आहे ना? भंगारात देण्याआधी पुढच्या बैठकीत तो टेबलावर घ्या. वायर काढा. फुलीच्या टोकाचा मध्यम स्क्रूड्रायव्हर आणा. हाताला साठलेली स्थिर वीज जाण्यासाठी आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. मग बाजूचा पत्रा काढून वस्तीतल्या मुलींना आत डोकावू द्या. एसएमपीएस मात्र कोणीही खोलायचा नाही, वायर काढल्यावरही त्यात वीज राहते. बाकी सगळं त्यांनी आपल्या हाताने सुटं करावं आणि पुन्हा जोडावं. शेजारी उभा राहून ‘दे इकडे, मी करतो’ म्हणणारा कोणी कार्यकर्ता असला, तर त्याला तेवढ्या वेळात सगळ्यांसाठी चहा करायला सांगा.